चार फुटांवरची थंडी

पंचवटीत पुराला माप आहे. गोदाघाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या पायांना लागले की घाटावरच्या टपऱ्या हलतात, गुडघ्यापर्यंत चढले की भांडी बाजारातला माल वरच्या फळीवर जातो, कमरेला आले की सराफ बाजारात रात्रभर दिवे जळतात, आणि गळ्याशी आले म्हणजे मग काही विचारायची सोय नाही. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले ते पाटबंधारे खाते सांगतच असते, पण पंचवटीतला माणूस फोनवर विचारतो, "मारुतीच्या कुठवर आलंय?" १९६९ चा महापूर, सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९, सगळे पूर लोकांच्या डोक्यात याच मापाने बसलेले आहेत. हे माप कोणालाही वाचता येते, त्याला दुरुस्ती लागत नाही आणि त्यावर अविश्वास दाखवणारा अजून मला भेटलेला नाही.

थंडीला असा मारुती नाही. थंडी सांगताना आम्ही एकमेकांना ऐकीव गोष्टी सांगतो. आज रामकुंडावर पहाटे कोणी फिरकले नाही, आज चहाच्या टपरीवर चहापेक्षा शेकोटीला गर्दी होती, आज गंगेवर वाफ होती. ही गंगा म्हणजे आमची गोदावरीच; नाशिकमध्ये तिला दुसऱ्या नावाने हाक मारणारा बाहेरगावचा समजावा. ती वाफ मात्र बघण्यासारखी असते. माघातल्या पहाटे गांधी तलावापासून खाली नुसता पांढरा थर पाण्यावर सरकत असतो. अस्थिविसर्जनाला आलेली परगावची मंडळी पाण्यात पाय घालायला घाबरतात आणि पाय घातल्यावर चकित होतात, कारण पाणी हवेपेक्षा उबदार लागते. पाणी सावकाश थंड होते, हवा झटकन; त्या दोघांतल्या फरकाची ती वाफ. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या गुरुजींचा हिशोब साधा होता. वाफेतून पलीकडच्या काठावरचा दिवा दिसला तर स्वेटर, नाही दिसला तर कानटोपी.

पण वर्तमानपत्रात दिवा दिसला की नाही हे छापून येत नाही. तिथे आकडा लागतो. नाशिकचे म्हणून जे तापमान छापून येते ते पेठरोडवरच्या हवामान निरीक्षण केंद्रातले असते. म्हणजे सबंध शहराच्या नावाने जी थंडी महाराष्ट्रभर सांगितली जाते ती मुळात आमच्या पंचवटीच्या अंगची. याचा मला थोडा अभिमानही वाटतो. महाबळेश्वरपेक्षा नाशिक थंड, अशी ओळ जेव्हा जेव्हा येते तेव्हा ती आमच्या बाजूच्या काचेच्या नळीने मिळवलेली असते.

शनिवार, ९ फेब्रुवारी २०१९ या दिवशी त्या नळीने ४ अंश दाखवले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, वसंत पंचमी होती. पंचांगाच्या हिशोबाने वसंताची चाहूल, प्रयागला कुंभातले तिसरे शाही स्नान, आणि इकडे नाशिक काकडलेले. शेजारच्या निफाडचा आकडा तर नाशिकच्याही खाली गेला. त्याच हिवाळ्यात, डिसेंबरच्या अखेरीस, निफाडने १.८ अंश पाहिले होते. पण डिसेंबरात थंडी पडली तर तिला कोणी काही म्हणत नाही. फेब्रुवारीत, आंब्याला मोहोर, द्राक्षाला साखर आणि संक्रांतीनंतर तिळातिळाने दिवस मोठा झालेला असताना एवढी थंडी म्हणजे पाहुणा निरोप घेऊन दारातून परत आल्यासारखे होते.

ती आली कुठून याचा माग सोपा होता. त्या आठवड्यात पश्चिमी झंझावाताने काश्मीर आणि हिमाचलात भरपूर बर्फ टाकले. ७ तारखेला दिल्लीला लागून असलेल्या नोएडात अशा गारा पडल्या की रस्ते पांढरे झाले आणि लोक त्यावर फोटो काढत होते. झंझावात पुढे सरकला की त्याच्या मागे उत्तरेकडची कोरडी थंड हवा मोकळी सुटते. ती राजस्थान, माळवा, खानदेश करत सातमाळ्याच्या रांगा ओलांडून गोदाकाठच्या सपाटीवर येते आणि तिथे रात्री वारा पडला की बसून राहते. निफाड त्या सपाटीत, नदीच्या खोलगट अंगाला. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराने खाली जाते. निफाडचा आकडा नाशिकपेक्षा खाली का, याचे बरेचसे उत्तर त्यातच आहे.

त्या शनिवारी सकाळी माझ्या मामेभावाचा फोन आला. त्याची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. फोनवर त्याचा सूर तक्रारीचा होता. "दादा, बांधावरच्या गवतावर बर्फ झालंय. पोरांनी हातात घेतलं. आणि तुमचे हवामानवाले तीन अन् चार सांगताहेत. चार अंशाला बर्फ होतं का कधी? शाळेत तर शून्य शिकवलं होतं." मी त्याला सांगितले की हवामानवाले माझे नाहीत. त्यावर तो म्हणाला, "पण पंचवटीत बसता ना तुम्ही!"

प्रश्न बरोबर होता. पुढची कित्येक वर्षे मी तो अनेकांना विचारला, कारण त्याचे उत्तर मला थंडीपेक्षा जास्त रोचक वाटले.

हवामान केंद्रातला तापमापक उघड्यावर नसतो. तो एका पांढऱ्या लाकडी पेटीत असतो. पेटीच्या चारी भिंती खिडकीच्या झडपांसारख्या तिरप्या पट्ट्यांच्या, वारा आत खेळावा पण ऊन, पाऊस आणि आकाश आत पोहोचू नये अशा. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने १८६४ च्या सुमारास सुचवली. तो दीपस्तंभ बांधणारा माणूस. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा बाप. मुलाने खजिन्याचे बेट दिले, बापाने पेटी दिली, आणि माझे मत विचाराल तर जगाच्या उपयोगी बापाची पेटीच जास्त पडली. आपल्याकडे ती जमिनीपासून साधारण चार फुटांवर ठेवतात आणि तिचे दार उत्तरेला उघडते, म्हणजे निरीक्षक दार उघडील तेव्हा सूर्य नळीवर पडत नाही. दिल्ली, नाशिक, लंडन, टोकियो, सगळीकडे अशीच काही तरी सावली आणि जवळपास तेवढीच उंची. त्यामुळे एका गावची हवा दुसऱ्या गावच्या हवेशी ताडून बघता येते. पेटीचा हेतू तेवढाच आहे. हवेचे तापमान, सावलीतले, चार फुटांवरचे.

गवत पेटीत राहत नाही. ते उघड्या आभाळाकडे तोंड करून असते. सूर्य मावळला की जमीन आणि गवत आपली उष्णता आभाळाकडे सोडू लागतात. आभाळात ढग असतील, हवेत दमटपणा असेल तर त्यातली बरीचशी परत खाली येते. आभाळ निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असेल तर उष्णता जाते ती जातेच. मग गवताचे पाते त्याच्या भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. पेटीत ४ असताना पात्यावर शून्य किंवा त्याहून खाली असू शकते. तीन-चार अंशांचा फरक अशा रात्री सहज पडतो. त्यामुळे मामेभावाच्या पोरांच्या हातातले बर्फ खरे होते आणि पेठरोडचे ४ अंशही खरेच होते.

हे जुन्या माणसांना पुस्तकाशिवाय माहीत होते. थंडीत गुरे झाडाखाली बांधतात, मोकळ्यावर नाही. पंचवटीत सीता गुंफेजवळच्या वडांखाली हिवाळ्यात पहाटे उभे राहून पाहा. समोरच्या मोकळ्या रस्त्यावर उभ्या केलेल्या गाड्यांच्या टपांवरून दव निथळत असते आणि वडाखालच्या गाडीचा टप कोरडा असतो. वरची पाने आभाळ आणि गाडी यांच्या मध्ये येतात. एवढेच ते आहे. रामलक्ष्मणांनी पर्णकुटीसाठी वडांची राई निवडली त्यात हाही व्यवहार असणार, असे मला वाटते. चौदा वर्षे उघड्यावर काढायची तर माणूस आधी छप्पर बघतो.

मग मी हे सगळे यंत्रांवर पाहायचे ठरवले. एका शेती संशोधन केंद्राच्या आवारात वेधशाळा आहे, तिथल्या निरीक्षकांनी सकाळी यायला सांगितले. तारेचे कुंपण, आत बारीक कापलेले गवत, मध्ये पेटी, पलीकडे बाष्पीभवन मोजायचे मोठे पात्र, खांबावर काचेचा भरीव गोळा. हा गोळा सूर्य मोजतो: त्यातून गेलेले ऊन मागच्या निळसर पट्टीवर एकवटते आणि पट्टी जळत जाते, जेवढी जळाली तेवढे तास ऊन. निरीक्षकांनी पेटीचे दार उघडले. आत दोन नळ्या उभ्या, दोन आडव्या. उभ्यांपैकी एकीच्या टोकाला मलमलचा ओला तुकडा, त्याची वात खालच्या बाटलीतल्या पाण्यात. आडव्यांपैकी वरची दिवसाच्या कमाल तापमानाची. तिच्यात पारा, आणि तिला तापाच्या थर्मामीटरसारखा झटका द्यावा लागतो. खालची किमान तापमानाची, तिच्यात मद्यार्क. या मद्यार्कात एक गडद, दोन्ही टोकांना गोळी असलेली बारीक काडी असते. इतकी बारीक की मला चष्मा काढून बघावे लागले. रात्री थंडी वाढेल तसा मद्यार्क आकसतो आणि ती काडी आपल्याबरोबर ओढत खाली नेतो. सकाळी ऊब आली की मद्यार्क काडीच्या बाजूने निघून पुढे जातो, काडी तिथेच राहते. रात्री सगळे झोपलेले असताना थंडी जिथवर गेली, तिथवर गेल्याची साक्ष ती काडी देते.

निरीक्षकांनी गुडघे वाकवून डोळा बरोबर नळीच्या रेषेत आणला. वरून पाहिले तर अर्धा अंश चुकतो, म्हणाले. श्वासही त्यांनी बाजूला सोडला. आकडा दशांशापर्यंत वाचला, वहीत लिहिला, पुन्हा वाचला, मग नळी किंचित तिरपी केली. काडी घरंगळत मद्यार्काच्या टोकाला जाऊन टेकली आणि पुढच्या रात्रीसाठी तयार झाली.

खरी भेट त्यानंतर झाली. कुंपणाच्या एका कोपऱ्यात गवतातच, दोन बुटक्या खुंट्यांवर, एक नळी आडवी ठेवलेली होती. तिचे टोक गवताच्या शेंड्यांना नुसते लागलेले. ही संध्याकाळी मांडायची आणि सकाळी ऊन चढायच्या आत उचलायची. निरीक्षक म्हणाले, "हा खरं बोलतो शेतकऱ्याशी. पण पेपरात याला कोणी विचारत नाही." त्या दिवशी पेटीतल्या आणि गवतातल्या काडीमध्ये साडेतीन अंशांचे अंतर होते. थंडीची लाट वगैरे काही नव्हती, साधाच हिवाळ्यातला दिवस होता.

लाट कशाला म्हणायचे याचेही नियम आहेत. सपाटीच्या भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी उतरलेले असेल तर थंडीची लाट. ४ अंश किंवा त्याखाली गेले तर सरासरी न बघता लाट. म्हणजे ९ फेब्रुवारीचा नाशिकचा आकडा नेमका उंबरठ्यावरचा. पण हा उंबरठाही चार फुटांवरच्या पेटीचा. बागेला स्वतःचा उंबरठा असतो.

या विषयात आपल्या पुण्याने जगाला शिकवावे असे काही केलेले आहे आणि ते आपण साफ विसरलो आहोत. सिमल्याहून हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये पुण्यात शिवाजीनगरला आले. त्या इमारतीला पुणेकर अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात आणि समोरच्या चौकाला सिमला ऑफिस चौक. १९३२ मध्ये तिथे शेती हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्याचे प्रमुख होते एल. ए. रामदास. (नाशिककराला रामदास म्हटले की टाकळीचे समर्थ आठवतात, ज्यांनी पहाटेच्या थंड पाण्यात उभे राहून वर्षानुवर्षे जप केला. हे रामदास पालघाटचे, भौतिकशास्त्राचे.) त्यांनी आणि आत्मनाथन यांनी जमिनीलगतच्या हवेत थोड्या थोड्या उंचीवर रात्रभर तापमान मोजले. पुस्तकांप्रमाणे सर्वांत थंड जागा जमिनीला चिकटून असायला हवी होती. निरभ्र, शांत रात्री उघड्या मातीवर ती सापडली जमिनीपासून थोडी वर, हातभर उंचीच्या आत. युरोपातल्या विद्वानांनी आधी मान हलवली: मोजण्यात चूक असेल, थंड हवा बाजूने वाहून आली असेल. आकडे मात्र हटेनात. पुढे हा 'रामदास थर' म्हणून नोंदवला गेला आणि त्याचे पटणारे गणित बंगळूरमध्ये रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडायला १९९० चे दशक उजाडले. आपल्या तापमापकावर विश्वास ठेवणारा तो माणूस बरोबर होता.

मला या गोष्टीत रस वाटतो तो द्राक्षामुळे. द्राक्षाची वेल मांडवावर पसरलेली असते, पुरुषभर उंचीवर. मांडवाची वरची पाने हीच रात्री तिची जमीन. आभाळाकडे उष्णता सोडणारी तीच. पेटी चार फुटांवर, रामदास थर हातभर उंचीच्या आत, गवताची नळी गवतात, आणि वेलीची थंडी सहा फुटांवर तिच्या स्वतःच्या पानात. एवढ्या सगळ्या जागांपैकी पेपरात एकच येते आणि तिला सबंध तालुक्याचे तापमान म्हणतात.

फेब्रुवारीत द्राक्षमण्यात पाणी उतरत असते. तेव्हा थंडी पडली की मण्याची फुगवण थांबते, दिवसाचे ऊन आणि रात्रीचा गारठा यांतला फरक वाढला की हिरव्या मण्यावर गुलाबी छटा येते, त्याला बागायतदार पिंक बेरी म्हणतात, आणि निर्यातीचा माल डोळ्यांदेखत लोकलचा होतो. मणी तडकतात ते वेगळेच. त्यावर उपाय म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवायच्या आणि पहाटे विहिरीचे पाणी सोडायचे. धुराने बाग झाकली जाते असे अनेकांना वाटते; धुराचा फारसा उपयोग नाही, आगीच्या उबेचा थोडा आहे, विहिरीच्या पाण्याचा चांगला आहे, कारण थंडीतही विहिरीचे पाणी वीस अंशांच्या वर असते. पण त्यासाठी पहाटे तीनला वीज पाहिजे. मामेभावाने या विषयावर मला जे ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

आता गंमत पाहा. निफाडचे ते गारठ्याचे आकडे बहुतेक वेळा येतात कुठून? कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हे केंद्र. द्राक्षवाला ज्या आकड्याने हवालदिल होतो, तोच आकडा गहूवाल्याला हसवतो. थंडी टिकली तर गव्हाला फुटवे चांगले येतात, ओंबीत दाणा सावकाश आणि टपोरा भरतो. फेब्रुवारीतच उन्हाळा सुरू झाला तर दाणा चिरमटतो. या केंद्रातून निघालेल्या वाणांची नावे मला फार आवडतात: त्र्यंबक, तपोवन, गोदावरी. आमच्या पंचवटीचा अख्खा भूगोल पोत्यांवर छापून विदर्भ-मराठवाड्यात जातो. एका बांधाच्या अलीकडे ३ अंश म्हणजे संकट आणि पलीकडे आशीर्वाद. थंडी चांगली की वाईट असे विचारणाऱ्याला आधी विचारावे, तुमचे काय पेरलेले आहे?

वसंतातल्या बर्फाचा आणखी एक प्रकार आपल्याकडे येतो आणि त्यापुढे ही सगळी यंत्रे हात टेकतात. गारपीट. आपल्याकडे हिम पडत नाही. पडतात त्या गारा. फेब्रुवारी ते एप्रिल हे तिचे दिवस. खाली जमीन तापलेली, वरच्या थरात झंझावाताने आणलेली थंड हवा, समुद्रावरून आलेले बाष्प. ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो आणि त्याच्या पोटात गारा थरावर थर चढवत मोठ्या होतात. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत जवळजवळ रोज कुठे ना कुठे गारपीट होत राहिली. राज्यातल्या २८ जिल्ह्यांना तिने झोडपले. नाशिकमध्ये काढणीला आलेल्या बागा, सोलापूर-मराठवाड्यात ज्वारी, गहू, हरभरा, डाळिंब. शेतात गारांचे थर साचले, गुरे-पाखरे मेली. द्राक्षाच्या घडांचा पहिल्या दिवशी चिखल होतो, चौथ्या दिवशी वास येतो. तो वास ज्याने घेतला आहे त्याला बाजारातली द्राक्षे विकत घेताना भावावर घासाघीस करवत नाही. निदान मला तरी करवत नाही.

आता ही आपत्ती केंद्रात कशी मोजतात? पर्जन्यमापकाचे तोंड वीतभरही रुंद नसते. त्यात ज्या गारा पडतील त्या पडतील, मोठ्या काठावर आपटून बाहेर उडतील. आत पडलेल्या वितळवायच्या. घाई असेल तर मोजून कोमट पाणी ओतायचे, वितळल्यावर एकूण पाण्यातून तेवढे वजा करायचे आणि उरलेला आकडा पाऊस म्हणून मिलिमीटरमध्ये लिहायचा. शेऱ्याच्या रकान्यात गारांची वेळ आणि व्यास. म्हणजे ज्या दहा मिनिटांत एका माणसाचे वर्षभराचे उत्पन्न आणि कर्जाचा हप्ता गेला, ती वहीत 'पाऊस, आठ मिलिमीटर' होऊन बसतात. त्यात कोणाची लबाडी नाही. वही पाणी मोजते. नुकसान मोजायला ती केलेलीच नाही.

पण आता त्याच वहीवर पैसे ठरतात. २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पात राज्यभर महसूल मंडळांत दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. हे फार चांगले झाले. हवामानावर आधारित फळपीक विमा या केंद्रांच्या आकड्यांवर चालतो: ठरावीक दिवस किमान तापमान ठरावीक अंशाखाली राहिले तर भरपाई, नाही तर नाही. जळगावच्या केळीवाल्याला विचारा, दशांशाची किंमत तो सांगेल. पंचनामा नको, तलाठ्याची वाट बघणे नको, यंत्र सांगेल ते खरे. व्यवहाराला हे सोयीचे आहे. फक्त ते यंत्र कुठे उभे आहे हा प्रश्न मग शास्त्रापुरता राहत नाही, तो हप्त्याचा प्रश्न होतो. मंडळात पंधरा-वीस गावे. केंद्र एखाद्या उंचवट्यावरच्या ग्रामपंचायतीच्या आवारात, भिंतीच्या उबेला. आणि बाग नदीकाठच्या खोलगटात, जिथे थंड हवा साचते. केंद्राचा आकडा केंद्रापुरता अचूक आणि बागेला निरुपयोगी.

नाशिकच्या नोंदींतला सर्वांत खालचा आकडा ०.६ अंशाचा आहे, ७ जानेवारी १९४५ चा. पेटीत ०.६ म्हणजे त्या रात्री मोकळ्या गवतावर शून्याच्या बरेच खाली गेले असणार. तो आकडा पुन्हा आला नाही आणि पंचवटीत तो येईल असे मला वाटत नाही. शहर पेठरोडच्या पुढे कधीच सरकले आहे. सिमेंट आणि डांबर दिवसाची उष्णता रात्री सावकाश सोडतात. माझ्या गच्चीतला साधा तापमापक केंद्रापेक्षा दीड-दोन अंश जास्तच दाखवतो, कारण तिन्ही बाजूंनी इमारती आहेत. गोदाघाट काँक्रीटचा झाला तशी पहाटेची वाफही पूर्वीसारखी पसरत नाही, असे जुने लोक म्हणतात. त्यात आठवणीचा भाग किती आणि हवेचा किती, ते ठरवायला कोणी मोजून ठेवले असते तर बरे झाले असते. २०२५ च्या अखेरीस तपोवनातल्या झाडांवर कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी कुऱ्हाड येणार असे दिसल्यावर नाशिककर रस्त्यावर उतरले, त्यात श्रद्धा होती, सावलीची माया होती. त्या झाडांखाली आणि झाडांबाहेर रात्रीचे तापमान किती वेगळे असते, याचे वर्षभराचे आकडे जर हातात असते तर वाद घालणाऱ्यांची बाजू अधिक भक्कम झाली असती.

म्हणून माझी मागणी साधी आहे. द्राक्षपट्ट्यातल्या प्रत्येक महसूल मंडळात, आहे त्या स्वयंचलित केंद्राला जोडून, गवताच्या उंचीवर एक आणि मांडवाच्या उंचीवर एक असे दोन संवेदक बसवावेत, आणि त्यांचे आकडे पेटीच्या आकड्याशेजारी रोज जाहीर करावेत. पेटी हलवू नये. दीडशे वर्षांची तुलना तिच्यावर उभी आहे. द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी ठरवले तर सरकारची वाट बघण्याचीही गरज नाही. साधा संवेदक फार महाग नसतो. आणि ज्यांना तेही जमत नसेल त्यांनी बागेत एक किमान-तापमापक टांगावा, जागा बदलू नये, रोज सकाळी साडेआठला आकडा वहीत लिहावा आणि वही जपून ठेवावी. विम्याच्या कचेरीत ती वही आज चालणार नाही, पण पुढच्या मोसमात पाणी कोणत्या रात्री सोडायचे हे ठरवायला ती पेठरोडच्या आकड्यापेक्षा जास्त कामाची आहे.